आतल्या खोलीतला ताप

३ मार्च, सोमवार

पोहोचले एकदाची. दोन बस बदलल्या, अवजारांची पेटी मांडीवर घेऊन साडेचार तास बसले, पाय बधिर झाले. पण दुकानाची पाटी दिसली आणि सगळा शीण गेला. ‘जुने व्हिडिओ गेम दुरुस्त करून मिळतील.’ रंगवणाऱ्याला ‘रु’ ऱ्हस्व की दीर्घ ते ठरवता आलेलं नाही, म्हणून त्याने मधलंच काहीतरी काढून ठेवलंय.

टीव्ही दुरुस्तीत अकरा वर्षं काढल्यावर आमची कंपनी बंद पडली, तेव्हा जो तो सांगत होता की आता दुरुस्ती कोण करतं, लोक फेकतात आणि नवीन घेतात. इथे तर तीस-तीस वर्षांचे गेम रांगेत बसलेत. मालकांना सगळे काका म्हणतात. साठी उलटलेले, काटकुळे, बोलताना सारखे हात चोळतात. पुढे दुकान, त्याच्या मागे आतली खोली, वर जिन्याने गेलं की माझी खोली. खिडकी, कॉट, टेबल आणि एक छोटा पंखा. मला अजून काय हवं?

काकांनी कामाबद्दल फारसं विचारलं नाही. तब्येत कशी असते, कधी मोठं आजारपण झालंय का, हेच दोनदा विचारलं. घोड्यासारखी आहे म्हटल्यावर त्यांचा चेहरा उजळला. त्यांच्या बायकोने, काकूंनी, मात्र वर पाहिलंच नाही. दार उघडलं, बाजूला झाल्या, मी आत आल्यावर मी उभी होते ती फरशी पुसली. असेल सवय.

५ मार्च, बुधवार

आज तीन नग मार्गी लागले. एकाच्या कॅसेटच्या पट्टीवर इतका मळ होता की कापसाचे सहा बोळे काळे झाले. दुसऱ्यात कपॅसिटर फुगलेला, तिसऱ्याच्या बटणाखालचं रबर फाटलेलं. तिसरा एका शाळामास्तरीणबाईंचा. चित्र दिसल्यावर त्या उभ्याउभ्याच खेळायला लागल्या आणि पहिल्याच खड्ड्यात पडल्या. आम्ही दोघी पोट धरून हसलो. आतून काकूंचा आवाज आला की हे दुकान आहे, जत्रा नाही.

दुपारनंतर आतल्या खोलीत घरघर सुरू झाली. तिथे एक जुना कॉम्प्युटर आहे, कपाटाएवढा डबा. काका म्हणाले फार तापतो, जरा बघता का? मी म्हटलं बघते की, तापलेल्यांना गार करण्यातच हयात गेली. त्यांनी स्क्रू ड्रायव्हर माझ्या हातात दिला, पण स्वतः डब्याला बोट लावलं नाही. झाकण तुम्हीच काढा, तुमच्याच हाताने, असं दोनदा म्हणाले.

पंख्यावर धुळीची गोधडी होती. प्रोसेसरवरची पेस्ट वाळून खडू झालेली. साफ केलं, नवी पेस्ट लावली. तापमान ब्याण्णव होतं, सत्तेचाळीसवर आलं. झाकण काढलं तेव्हा घड्याळात साडेचार झाले होते. काकू दारात उभ्या होत्या. आल्यापासून पहिल्यांदाच त्यांनी मला डोळे भरून पाहिलं, पण त्या नजरेत कौतुक नव्हतं.

८ मार्च, शनिवार

अंगात कणकण आहे. पाणी बदललं की होतंच.

काकूंचं आणि माझं काही जमत नाही. मी जिना उतरले की त्या बोलायच्या थांबतात. माझा कप वेगळा, तोही कान तुटलेला. काल वर गेले तर टेबलावरचा पंखा गायब. विचारलं तर म्हणाल्या, खाली जास्त गरज आहे. पंखा कॉम्प्युटरसमोर लावलेला. माणूस घामाने निथळतोय आणि डब्याला वारा! समोरच्या चष्मेवाल्याला नमस्कार केला तर त्याने दुकानाचं शटर अर्धं ओढलं. या गल्लीला माझं काय वावडं आहे कळत नाही.

११ मार्च, मंगळवार

सकाळी एकदम टवटवीत वाटलं, कणकण नाही, काही नाही. आणि खाली डबा पुन्हा अठ्ठ्याऐंशीवर.

पुन्हा उघडला, पंखा बदलला, पंचेचाळीस झालं. पण एक गोष्ट डोक्यातून जात नाही. हा कॉम्प्युटर कामच करत नाही. मी मोजलं. दोन टक्केसुद्धा वापर नाही. काम ना धाम आणि अंगभर घाम. मग तापतो कशाने?

पडद्यावर सारखा एक जुना गेम चालू असतो. नदीकाठी एक बोटभर होडीवाला उभा. खेळणारं कुणी नाही, बटणांची वायरही जोडलेली नाही. तरी तो मधूनच दोन पावलं चालतो, पाण्याकडे बघतो, परत येतो. काकू समोर खुर्ची टाकून बसतात. आज ओल्या फडक्याने डबा पुसत होत्या. विजेच्या वस्तूला पाणी लावू नका म्हटलं, तर म्हणाल्या, शहाणपण शिकवायला आली नाहीस तू.

दुकानात काकांनी हळूच सांगितलं. दुकान मुलाचं होतं. एकतीस वर्षांचा. चार वर्षांपूर्वी ताप आला, एकोणीस दिवस उतरलाच नाही. अंथरुणावर थांबायचा नाही, आतल्या त्याच खुर्चीत बसून तो गेम खेळायचा. तिथेच गेला. काका रडले नाहीत. मलाच वाईट वाटलं आणि काकूंवरचा राग थोडा निवळला.

संध्याकाळी मला एकशे दोन ताप.

१४ मार्च, शुक्रवार

डॉक्टर येऊन गेले, गोळ्या दिल्या. काही फरक नाही.

सवयीने आकडे लिहून काढले. पाच तारखेला डबा गार झाला आणि मला कणकण आली. अकराच्या सकाळी मी बरी, डबा तापलेला. मी तो गार केला आणि रात्र व्हायच्या आत अंथरूण धरलं. आता तो चाळीसच्या खाली, मी एकशे तीन. मीटर घेऊन जन्म काढलेल्या बाईने असलं लिहावं याची लाज वाटते. पण आकडे आहेत.

आज काका वर आले. कसं वाटतंय हे विचारायच्या आधी ताप किती ते विचारलं. एकशे तीन म्हटल्यावर त्यांनी सुस्कारा टाकला. काळजीचा नव्हता तो. निश्चिंत झाल्यासारखा.

१७ मार्च, सोमवार

भिंत धरत खाली गेले. काकू अंघोळीला, काका दुकानात. डब्याचं झाकण आतून कधी नीट पाहिलंच नव्हतं. कारागीर आत तारीख आणि फोन नंबर लिहून ठेवतात, आमच्यातली रीत आहे. पाच वेगवेगळ्या हातांची अक्षरं होती. शेवटची तारीख अठरा फेब्रुवारी.

त्या नंबरवर फोन केला. दुकानाचं नाव घेतल्याबरोबर पलीकडच्या माणसाने मी झाकण उघडल्याची तारीख विचारली. मी म्हटलं पाच मार्च. त्याने वेळ विचारली. साडेचार.

तो म्हणाला की त्याच मिनिटाला त्याचा ताप उतरला. सोळावा दिवस होता, घरचे हात टेकून बसले होते. तो उठून जेवायला बसला. झाकण शेवटचं ज्याने उघडलं, ताप त्याचा. पुढच्याने उघडलं की सुटका. त्याच्या आधीच्याला पुढचा मिळाला नाही, तो एकोणिसाव्या दिवशी गेला.

मी म्हटलं, एकदा या, काहीतरी मार्ग काढू. तो म्हणाला,

“मला दोन मुली आहेत. परत फोन करू नका. आणि कुणाला सांगत बसू नका, नाहीतर पुढचा उघडेल कोण?”

फोन ठेवला त्याने. पाचपासून मोजलं तर आज तेरावा.

१८ मार्च, मंगळवार

वायरच उपटली. सरळ गेले आणि भिंतीतून ओढून काढली. पडदा काळा झाला — आणि माझ्या डोक्यात कुणीतरी निखारे ओतले. पडले. दात एकमेकांवर वाजत होते. काकांनी धावत येऊन वायर परत लावली, तेव्हा कुठे श्वास घेता आला. म्हणजे बंदही करता येत नाही. बंद केला की सगळाच्या सगळा माझ्यात.

काकू शेजारी बसल्या. माझ्या नाही, त्याच्या. होडीवाला परत दिसेपर्यंत हलल्या नाहीत. मी विचारलं की तुम्ही का नाही उघडत? तुमचा मुलगा आहे ना?

त्यांनी पहिल्यांदाच शांतपणे उत्तर दिलं.

“शंभरदा उघडलं. माझ्या अंगात येतच नाही तो. आईला त्रास द्यायचा नसतो त्याला.”

मग पदराने पडदा पुसला आणि मला म्हणाल्या, तू वर जा, तुझ्या श्वासाने खोली तापते.

२० मार्च, गुरुवार

दाराला बाहेरून कडी.

फोन काकांकडे. माझ्याच फोनवरून बोलताना ऐकू आले, जिन्यात उभे होते. माझ्या धाकट्या बहिणीशी. ताई फार आजारी आहे, सारखी तुमची आठवण काढते, या. मी तिचं नावही काढलेलं नाही कधी. मग विचारलं, तुम्ही काय करता? ती काय म्हणाली असेल ते मला माहीत आहे. शाळेत कॉम्प्युटर शिकवते.

काका म्हणाले, वा.

मी दार बडवलं. हात उचलत नाही. ओरडले, पण आवाज म्हणजे नुसती हवा.

तिची तब्येत कशी असते, तेही विचारलं त्यांनी.

२२ मार्च, शनिवार

धाकटी दुपारी आली. कडी काढलेली. जणू कधी नव्हतीच. मला पाहून रडली, मग नेहमीसारखी हसवायला लागली. म्हणाली, तुझ्यावर पोळ्या भाजता येतील.

सगळं सांगितलं. सुरुवातीपासून. तिने डोक्यावरची पट्टी बदलली, होला हो केलं. तापात बरळतेय असं वाटतंय तिला. वही दाखवली, आकडे दाखवले. ती म्हणाली, ताई, तुला काहीही मोजायची सवयच आहे.

शपथ घातली. त्या डब्याला हात लावणार नाहीस. माझी शपथ. घेतली तिने. हसत घेतली.

गाडी उद्या चारला येते, थेट मोठ्या दवाखान्यात.

काकू तिच्याशी गोड बोलतात. चांगल्या कपात चहा देतात. जेवलीस का बाळ, विचारतात. खाली डबा घरघरतोय. मुद्दाम पंखा काढलाय. मला कळतंय.

२३ मार्च, रविवार

एकोणिसावा.

अक्षर ओळीत राहत नाही — बारा वाजले. चारला गाडी. चार तास. धाकटी खाली बॅग भरायला — नाही, बॅग इथेच आहे.

काकू रडतायत. ऐकू येतं. धाकटीसमोर. मुलाची शेवटची आठवण आहे गं, बंद पडेल आता —

हाक मारली. आवाज नाही. पेला ढकलला. फुटला. तिने जिन्याखालून सांगितलं — ऐकलं मी, शब्द न् शब्द — ताई, पाच मिनिटं. उघडून दाखवतेच तुला, आत काही नाही ते. मनातली भीती गेली की निम्मा ताप जाईल तुझा.

नको

स्क्रू. एक. टेबलावर ठेवला. दोन

तीन

उठायचं. उठ

झाकणाचा आवाज

घाम आला. कपाळावर, मानेवर, पाठीवर, सगळीकडून. चादर भिजली. हात थरथरत नाही आता. बघा, अक्षर सरळ आलं. घशात आवाज आहे. मी आत्ता माझं नाव मोठ्याने म्हणून पाहिलं.

खाली जायला हवं. दार उघडं आहे. अकरा पायऱ्या. जायचं, तिला बाजूला करायचं, झाकण मी परत उघडायचं, की ताप परत माझा. सोपं आहे. फक्त मला हे कळत नाही की तेव्हा माझे दिवस पहिल्यापासून मोजायचे, की हा शेवटचाच. तो माणूस सांगू शकला असता. मी विचारलं नाही.

तिला कळेपर्यंत वेळ आहे तसा. तिला अजून एकोणीस दिवस आहेत. तोवर दुसरं कुणीतरी — नाही. नाही. जाते. आत्ताच जाते.

किती दिवसांनी भूक लागली आहे. ताटलीत ब्रेडचा तुकडा होता, कधी खाल्ला कळलंच नाही.

एवढी ओळ संपवते आणि उठते. खालून ती विचारते आहे, ताई, तुला बरं वाटतंय का गं, आणि या खोलीत इतकं उकडतंय कशाने, माझं अंग नुसतं —