पेटीत नसलेली पट्टी

नारायण पेठ, पुणे
शुक्रवार

ती. मामा,

साष्टांग नमस्कार. (आठांपैकी एक अंग, म्हणजे उजवा पाय, सध्या पेटीखाली अडकलेला आहे. त्याचा खुलासा पुढे.) तुमची तब्येत बरी असेल असं धरून चालते, कारण विचारायला फोन केला तर तुम्ही उचलत नाही. म्हणून पत्र. श्यामलामावशी मजेत आहे आणि तिच्यामुळे मी अडचणीत आहे.

झालं असं, की माझ्या इन्स्ट्रुमेंट रेटिंगची मुदत संपत आली. वैमानिकाचं लायसन्स वेगळं आणि ही ढगात शिरायची परवानगी वेगळी. ती एका वर्षाची असते. वर्ष सरायच्या आत परीक्षकांसमोर पुन्हा दाखवावं लागतं, की खिडकीबाहेर काहीही दिसत नसताना समोरच्या काट्यांवर भरवसा ठेवून मला विमान उतरवता येतं. गेल्या वर्षी येत होतं, हे उत्तर चालत नाही. तारीख टळली की परवानगी संपली, आणि नुकतीच लागलेली नोकरीही बहुधा दुसऱ्या कुणाची. मला हा नियम आवडतो. ढगात कान खोटं बोलतो, मामा. विमान वळत असतं आणि कान शपथेवर सांगतो की सरळ चाललंय. अशा वेळी कानाला गप्प बसवून यंत्राचं ऐकायचं असतं. (या वाक्याचा तुमच्या कपाटातल्या डबीशी काही संबंध नाही. अजून तरी नाही.)

मावशीने मात्र पेठेत एवढंच सांगितलं, की पूर्णिमाची इन्स्ट्रुमेंटची परीक्षा आहे. दुसऱ्या दिवशी पेट्या दुरुस्त करणारे जब्बारचाचा एक पेटी खांद्यावर घेऊन दोन जिने चढून आले. भाता नवा बसवला होता, सूर लावले होते. "पट्टी कोणती, बेटा?" त्यांनी विचारलं. मी प्रश्नाचं नेमकं उत्तर दिलं, "धावपट्टी एक-शून्य." त्यांनी पेटीच्या पट्ट्या एकेक करून दाबून पाहिल्या. मग म्हणाले, "ही पट्टी माझ्या पेटीत नाही." इतक्या दिलगिरीने म्हणाले, की पेटी परत न्या असं माझ्याच्याने सांगवेना. ती टेबलाखाली आहे, आणि माझा पायही.

त्या टेबलाशीच मी सराव करते. समोर कपाटाला कॉकपिटचं चित्र चिकटवलंय, डोक्यावर बाहेरचं दिसू नये अशी टोपी, आणि मावशी कंट्रोल टॉवर. मी लिहून दिलेल्या सूचना तिने वाचायच्या. ती त्यात भर घालते. "उंची चार हजार ठेव. पाठ ताठ ठेव." मी नियमाप्रमाणे म्हणाले, "उंची चार हजार, पाठ ताठ." तिसऱ्या सूचनेला तिने कागद खाली ठेवला. "वेडावतेस होय गं मला? मी बोलते तेच मला ऐकवतेस!" टॉवर स्वयंपाकघरात निघून गेला आणि मी ढगातच राहिले.

मग चहा करून तिला समजावलं, की हे वेडावणं नाही. मिळालेली सूचना परत बोलून दाखवायची आणि समोरच्याने ती बरोबर आहे म्हणायचं, यावर विमानं चालतात. तुमच्या गाड्याही चालायच्या. बडनेऱ्याला तुम्ही स्टेशन मास्तर असताना पलीकडच्या स्टेशनला गाडी सोडायच्या परवानगीचा आकडा द्यायचात आणि तोच परत वदवून घ्यायचात. सुट्टीत मला दही आणायला पाठवतानासुद्धा म्हणायचात, "काय आणायचं? परत सांग." मावशीने कपातला चहा संपवला. मग म्हणाली, "दादाचा आवाज किती दिवसांत ऐकला नाही गं."

बाकी विशेष नाही.

तुमची,
पूर्णिमा

ता. क. नात्यातला तो साखरपुडा रविवारी होता, तुम्हाला शनिवारी ऐकू आलं आणि तुम्ही नवा कोट घालून रिकाम्या हॉलमध्ये बसून राहिलात, हे मला ठाऊक आहे. लोक हसले. तेव्हापासून फोन बंद, हेही ठाऊक आहे. पण चूक कानाची नव्हती. निरोप देणाऱ्याने तो तुमच्याकडून परत वदवून घेतला नाही. तुमच्या स्टेशनात असा माणूस टिकला नसता. तेव्हा डबीतलं कानाचं मशीन काढा आणि लावा. वर्षातून एकदा तपासून घ्या. मलाही तेच करावं लागतं आणि त्यात मला कमीपणा वाटत नाही.

आ. ता. क. परीक्षा काल झाली. परीक्षकांनी मध्येच एक उंची चुकीची सांगितली (मुद्दाम की कसं, ते बोलले नाहीत). मी ती परत बोलले तेव्हा ती चूक दोघांनाही ऐकू आली. खाली उतरल्यावर त्यांनी विचारलं, "ही सवय कुठली?" मी संस्थेचं नाव सांगितलं. खरं उत्तर बडनेरा होतं. निकाल मावशीलाही अजून सांगितलेला नाही. आधी तुम्हाला सांगणार, आणि फोनवरच. रविवारी सकाळी, चहानंतर.

रविवारी, मामा. परत सांगा.