सासऱ्यांचं हसू आणि तीन प्रोजेक्टर

३ मार्च
आजपासून शिस्त. सासूबाईंनी जपलेली जुनी फिल्म अखेर माझ्या ताब्यात आली. सासरे हलताना दिसतात अशी जगात ही एकच चीज. अंगणात सायकल धुतात, शेवटी वर बघून हसतात, संपली. अठराला सासूबाई ती बघायला येणार. मेहुणा म्हणाला, दुकानात देऊन मोबाइलवर करून घेऊ. मला हसू आलं. घरात तीन-तीन जुने प्रोजेक्टर असताना?

४ मार्च
कुठला लावायचा ते शास्त्रशुद्ध ठरवणार. शंभर मार्कांची परीक्षा: बांधणी, डिझाइन, प्रकाश, आवाज. उमेदवार: लोखंडी, सुटकेसवाला, प्लास्टिकचा. लोखंडी उचलताना कंबरेत उसण भरली. बांधणी म्हणतात ती हीच. पैकीच्या पैकी.

६ मार्च (पडून)
बायकोने शेकायला गरम पाण्याची पिशवी दिली. वर विचारलं, जो चालतो तो लावला तर नाही का चालणार? डिझाइन या विषयावर तिच्याशी बोलायचं नाही, असं ठरवलं.

९ मार्च
सुटकेसवाला. काय देखणा! चामड्याची मूठ, पितळी खटके. आतला रबरी पट्टा मात्र वितळून डांबर झालाय. बायकोचा केसांचा रबर लावला. तो तुटून माझ्या नाकावर बसला. रूपाला दहापैकी दहा, स्वभावाला शून्य.

११ मार्च
प्लास्टिकचा. मेहुण्याने भेट दिलेला, म्हणजे बोलणंच खुंटलं. डब्यासारखा डबा. बटण दाबलं, चालू झाला. यात कौशल्य ते काय? आणि चित्र जागच्या जागी थांबवायची कळच नाही! लोखंडीला आहे. दहा मार्क कापले.

१४ मार्च, सकाळ
लोखंडीचा प्रकाश थांबवल्यावर मंद होतो. उघडून बघितलं. कळ दाबली की दिव्यापुढे एक पत्र्याची जाळी येऊन पडते. एवढ्या हुशार इंजिनिअरांनी असा ढिसाळपणा करावा? काढून टाकली, तापलेल्या दिव्याने बोट भाजलं तेवढंच. फिल्म न लावता चालवून बघितला, भिंत लख्ख. बायकोने जाळी हातात घेऊन विचारलं, उगाच कोण कशाला बसवेल? म्हटलं, शोभेला.

१७ मार्च
निकाल. लोखंडी ९२, सुटकेसवाला ६१, प्लास्टिकचा १९. बायको म्हणते, उद्या प्लास्टिकचाच लावा, तो निदान चालतो. नापास झालेल्याचा सत्कार? मुळीच नाही.

१८ मार्च
संध्याकाळी सगळे जमले. सासूबाई चष्मा पुसून अगदी पुढच्या खुर्चीत. लोखंडी घरघरत सुरू झाला आणि सासरे सायकल धुवायला लागले. मेहुण्यानेसुद्धा मोबाइल खिशात टाकला. मग सासऱ्यांनी वर बघितलं, हसले. सासूबाई पुढे वाकून म्हणाल्या, जावईबापू, जरा थांबवता येईल का हो, नीट बघू दे.
मी मेहुण्याकडे बघत झोकात कळ दाबली.
सासरे थांबले. एकदम लख्ख. मग गालावर तपकिरी ठिपका आला, तो फुगला, आणि हसू वितळून गेलं. भिंतीवर नुसता पांढरा उजेड उरला. सासूबाई त्या उजेडाकडेच बघत बसल्या. म्हणाल्या, सायकल तरी राहिली ना?
कोणी चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं. फार वाईट वाटलं.

१९ मार्च
उरलेली फिल्म मेहुणा दुकानात घेऊन गेला. बायकोने जाळी आणून माझ्या टेबलावर ठेवली.
प्लास्टिकच्याला थांबवायची कळ नाही म्हणून कापलेले दहा मार्क परत दिले. न्याय म्हणजे न्याय. एकोणतीस झाले.
तरी नापासच.