बाबांचा कूलर

धायरी, पुणे

ती. बाबा,

"आमच्या धायरीत कूलर लागत न्हाय," म्हणणाऱ्या घरमालकीण मथुराबाई यंदा एप्रिलभर माझ्याच खोलीत बसून होत्या. तुम्ही अमरावतीहून पाठवलेल्या कूलरसमोर!

पावसाळ्यात त्याची टाकी रिकामी करायची राहिली. तिच्यात डास झाले आणि मला चिकुनगुन्या. ताप गेला, बोटं मात्र अजून आखडतात. डॉक्टरांनी रोज पानभर लिहायला सांगितलंय, म्हणून हे पत्र. कळलं तर स्वतःलाच दोष द्याल, म्हणून पाठवणार नाही.

फोनवर तुम्ही विचारता, "कूलर चालते ना बरोबर?" मी म्हणते, "मस्त!" ते खोटं नाही. आता ऑक्टोबरातही उकडतं. दर रविवारी टाकी कोरडी करते आणि त्याच्यासमोर गाढ झोपते.

तुमची,
उत्कर्षा

ता. क. सही बघितलीत? अगदी पूर्वीसारखी आलीय.