दुसऱ्या लॅबचा सल्ला

३ जून

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

आई बरी आहे. अर्धी वाटी जेवते आणि पोटभर झालं म्हणते. पोट उरलंय कुठे, असं वर स्वतःच हसते. मला हसू येत नाही.

काल वकील घरी आले होते. केस भक्कम आहे म्हणाले. कापून काढलेल्या जठरात कॅन्सरचा मागमूसही नव्हता. लॅबमध्ये दुसऱ्या कुणा पेशंटच्या तपासणीच्या तुकड्यातला कण आईच्या स्लाइडवर चिकटला, आणि तिथल्या डॉक्टरीणबाईंनी तो आईचाच समजून निदान लिहिलं. हे आता त्यांनाही नाकारता येत नाही.

गाडी अडलीय माझ्यापाशी. ऑपरेशनआधी सर्जन म्हणाले होते, स्लाइड एकदा दुसऱ्या लॅबला दाखवा, आठवड्याने काही बिघडत नाही. खोलीत आम्ही तिघंच होतो. आई म्हणाली, माझ्या विद्यार्थिनीचा पेपर मी दुसऱ्याकडून तपासून घेणार नाही. डॉक्टरीणबाई शाळेत आईच्याच हाताखाली शिकलेल्या. भीड भिकेची बहीण म्हणतात ते खोटं नाही.

हा सल्ला कुठे लिहिलेला नाही. म्हणून वकिलांना माझ्या प्रतिज्ञापत्रात एक वाक्य हवंय, की दुसरं मत घ्यायला कोणीच सुचवलं नव्हतं. मी सही केलेली नाही. आईला यातलं काही ठाऊक नाही. तू काय म्हणतोस?

रागावलास तरी लोभ ठेव.
तुझी धाकटी


१२ जून

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

लहानपणी खेळताना तू आउट झालीस की स्वतःच ओरडून सांगायचीस. आपली बाजू हरायची, आणि तू मात्र खूश. हा खेळ नाही. चूक लॅबची आणि शिक्षा आईच्या भिडस्तपणाला? त्यांचा वकील सगळं खापर तिच्या डोक्यावर फोडेल. सर्जन आपणहून तोंड उघडणार नाही, त्याला हॉस्पिटल सांभाळायचंय. हरिश्चंद्र व्हायचं तर स्वतःच्या जिवावर हो, आईच्या नको. सही कर.

तुझ्या वहिनीचं म्हणणं असं की मी फार कडक लिहितो. तिचं ऐकून इथेच थांबतो. माया आहेच.
दादा


१ जुलै

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

ते वाक्य मी घातलं नाही. उलटतपासणीत त्यांच्या वकिलाने नेमकं तेच विचारलं. मी सल्ल्याचं सांगितलं, आणि आईचं बोलणंही जसंच्या तसं सांगितलं. आई मागच्या बाकावर होती. बाहेर आल्यावर म्हणाली, शहाणे, मलाच विचारलं असतंस तर मीच सांगितलं असतं. पोट काढलंय माझं, डोकं नाही. दादा, मला समाधान मुळीच वाटत नाही. खऱ्यासाठी बोलले की स्वतःला स्वच्छ ठेवायला, ते अजून कळलेलं नाही.

पुढचं ऐक. आमच्याशी बोलायचं नाही, अशी डॉक्टरीणबाईंना त्यांच्या वकिलाची सक्त ताकीद आहे. तरी कोर्टाच्या व्हरांड्यात त्या सरळ आईसमोर येऊन उभ्या राहिल्या. वकील दंडाला धरून मागे ओढत होता. त्या म्हणाल्या, बाई, तो कण बाजूला पडलेला मला दिसला होता, शंकाही आली होती. थांबायला हवं होतं, थांबले नाही. आईने नुसता त्यांचा हात धरला. आपले वकील तेव्हा आतच होते.

माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी धाकटी


१० जुलै

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

शंका आली होती! अगं, हीच तर कबुली हवी होती. वकिलांना मी फोन केलाय, ते तुला पुन्हा साक्षीला उभं करायची परवानगी मागताहेत. तू खरं बोलणारी ना? मग हेही बोल. त्या बाईंची दया येत असेल, तर आईच्या वेळी ती दया कुठे गेली होती?

उत्तराची वाट पाहतोय.
दादा


२० जुलै

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

तुझा प्रश्न जिव्हारी लागला. या वेळी आधी आईला विचारलं. माफी मागायला आलेल्या माणसाला त्याच्याच शब्दांत पकडायचं का, असं मी म्हटलं. आई म्हणाली, व्हरांड्यात तू माझ्या शेजारीच होतीस, आणि कोर्टात कशी बोलतेस ते त्या पोरीने नुकतंच ऐकलं होतं. तरी ती बोलली. तिचं बोलणं गिळणारी तू कोण?

मी सांगणार आहे. पण माफीसकट सांगेन, नुसती कबुली तोडून देणार नाही. आई त्या दिवशी येणार आहे. कुणाच्या बाजूला बसशील विचारलं, तर बघू म्हणते.

तिच्यावर आणि माझ्यावर लोभ असू दे.
तुझी धाकटी