दीड हाताचा बिंदुमाधव

येलहंका, बंगळूर
५ जुलै १९९९

चि. सौ. वेणूस अक्काचे आशीर्वाद.

वर श्री लिहिला नाही, तेव्हा समजली असशील. माझा नातू बिंदुमाधव लढाईत गेला. घरात झुरळ मारायला भ्यायचा, आणि विमानातून बाँब टाकायला गेला.

विमान डोंगरात पडलं. देह मिळाला नाही, म्हणून गुरुजींनी दर्भाचा पुतळा केला, दीड हाताचा. मी विचारलं, सहा फुटी पोरगा ह्यात मावायचा कसा? त्यांनी दर्भाची गाठ आवळली.

सून विधी नको म्हणत होती, तो येईल म्हणे. मीच तिला दटावून बसवलं. आता स्वल्प जेवते.

तुझा गुडघा कसा आहे? धावत येऊ नकोस.

असलं पत्र वाचून अंघोळ करायची असते. इथे सगळ्यांना मीच करायला लावली. तू एवढ्यात करू नकोस.

तुझी अक्का