तेरा सेकंदांची मोटार

मी, खाली सही करणारी, वय वर्षे सदुसष्ट, धंदा शववाहिकेची निवृत्त चालक, हे मृत्युपत्र स्वतःच्या अक्षरात, अक्कलहुशारीने आणि कोणाच्याही धाकाला न जुमानता लिहून ठेवीत आहे. डॉक्टरीणबाईंनी मला वार विचारला, शंभरातून सात-सात वजा करायला लावले आणि डोके ठिकाणावर असल्याचा दाखला दिला. मी मरायला टेकलेली नाही. माझा रक्तदाब त्यांच्यापेक्षा बरा निघाला.

मग आत्ताच हे कशाला? तर सत्तावीस वर्षे मी लोकांना शेवटच्या मुक्कामी पोहोचवले. चालकाच्या पाठीमागे जाळीची खिडकी असते. तिच्यातून मागचे सगळे ऐकू येते. निघताना रडारड, आणि पहिले वळण गेले की कोणीतरी हळूच विचारते, "कपाटाची किल्ली कोणाकडे आहे?" एकदा दोन भाऊ शिलाई मशीनवरून इतके हातघाईवर आले, की मला गाडी बाजूला घेऊन सांगावे लागले, "आधी आईला पोहोचू द्या, मग काय ते करा." तेव्हाच ठरवले, आपल्यामागे कोणी कोणाच्या तोंडाला लागू नये.

याआधी मी कोणतेही मृत्युपत्र केलेले नाही. तसा कागद कोणी दाखवलाच तर तो खोटा समजावा.

कलम १. राहते घर, म्हणजे दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि मागची पत्र्याची शेड, तसेच माझी बँकेतली शिल्लक, हे सर्व माझ्या यजमानांना मिळावे. ते मोटारींच्या सीटा शिवतात. त्यांना स्वतःला मोटार चालवता येत नाही आणि वेगाची इतकी भीती, की बसमध्येसुद्धा समोरची दांडी दोन्ही हातांनी धरतात. आम्हाला मूल नाही. यजमानांच्या पश्चात हे सर्व माझ्या भाचीला, म्हणजे दादाच्या मुलीला मिळावे. तिलाच मी या मृत्युपत्राची व्यवस्थापक नेमते. शेडमधल्या फरशीवरचे ऑइलचे डाग कोणी घासू नयेत. ते निघत नाहीत, मी करून पाहिले आहे.

कलम २. आमच्या डेपोचे माजी साहेब आमच्याच गल्लीत राहतात. त्यांनी माझ्या कामाच्या शेऱ्यात सलग अकरा वर्षे "अतिशय संथ" असे लिहिले. शववाहिका संथच चालवायची असते, हे त्यांना कोणी सांगितले नसावे. माझी मोटार शर्यतीत किती सेकंदांत धावली, त्या चिठ्ठीची एक प्रत, काचेच्या चौकटीसह, त्यांना द्यावी. खिळाही सोबत द्यावा, म्हणजे सबब राहणार नाही.

कलम ३. अंत्ययात्रेला शर्यतीची मोटार आणू नये. मला नेमके काय आवडेल याबद्दल लोक तेव्हा बरेच काही बोलतील. त्यांचे ऐकू नये. हळू चालवली की तिचे इंजिन तापते.

कलम ४. माझी हत्यारे: पान्यांचा पूर्ण संच, टॉर्क पाना, दोन जॅक, ग्राइंडर, इंजिन उचलायची साखळीची घोडी आणि वेल्डिंगचे यंत्र, ही सर्व लेथवाल्या सूतमास्तरांना मिळावीत. त्यांचे खरे नाव कोणी वापरत नाही. कोणतेही काम दाखवले की ते एक डोळा मिटून म्हणतात, "एक सूत बाहेर आहे," म्हणजे इंचाच्या आठव्या भागाने चुकले. लग्नाच्या फोटोबद्दलही तेच म्हणाले होते.

हत्यारे त्यांनाच का, हे सांगायला हवे. वडिलांची एक दोन दारांची जुनी मोटार होती, गोल पाठीची, त्या काळी रस्त्यावर लोक वळून पाहत अशी. अठराव्या वर्षी मी ती चोरून चालवायला शिकले. वडिलांना कळले तेव्हा त्यांनी माझ्या हातातून चावी घेतली आणि तिथल्या तिथे दादाला दिली. म्हणाले, "पळवणं पोरींचं काम नाही." दादाने ती वीस वर्षे वापरली आणि मग घरामागे उभी केली. ती तिथे वीस वर्षांवर पावसापाण्यात उभी राहिली. मी निवृत्त झाले त्याच वर्षी वडील गेले, काहीही न लिहिता. दादाने घराच्या हक्कसोडीचा कागद पुढे केला. मी म्हटले, "सही करते, पण मला ती मोटार हवी."

दादा हसला. "ती? घेऊन जा! माझी जागा तरी मोकळी होईल."

शेडमध्ये आणली तेव्हा तिच्या तळातून फरशी दिसत होती. इंजिन दगडासारखे बसलेले. पूर्वीसारखी करायची तर पत्र्याचे निम्म्याहून जास्त भाग नव्याने घडवावे लागले असते आणि शेवटी ती पुन्हा झाकूनच ठेवावी लागली असती. मला ती बघायला नको होती. मला ती पळवायची होती. आमच्या गावाबाहेरच्या बंद पडलेल्या धावपट्टीवर दरवर्षी जुन्या मोटारींची शर्यत होते. दोन गाड्या शेजारी शेजारी उभ्या राहतात, झेंडा पडतो, आणि पाव मैल जो आधी तोडेल तो जिंकतो. वळण नाही, ब्रेक नाही, नुसते सुटायचे. सत्तावीस वर्षे ताशी बारा-पंधराने गाडी हाकलेल्या बाईला ते किती गोड वाटले असेल, याची कल्पना करा.

सूतमास्तर पहिल्या दिवशी दारात उभे राहून म्हणाले, "बाई, हे भंगार आहे."

"माहीत आहे. तुम्ही आत येताय की बाहेरूनच सांगताय?"

ते आत आले आणि पुढली चार वर्षे येतच राहिले. पुढचा सगळा सांगाडा कापून आम्ही तिथे छोट्या ट्रकचा सरळ अ‍ॅक्सल कमानपाट्यांवर बसवला. त्यामुळे गाडीचे नाक हातभर वर आले. सुटताना सगळे वजन मागे जावे आणि मागच्या चाकांनी जमीन घट्ट धरावी, असा त्यातला हिशेब. मागे उशीएवढे रुंद टायर आले आणि त्यांच्यासाठी मडगार्ड कापावे लागले. अग्निशमन दलाच्या भंगारात निघालेल्या बंबाचे आठ सिलिंडरचे इंजिन मिळाले. ते बॉनेटखाली मावेना, म्हणून बॉनेटच काढून टाकले. माझ्या डाव्या मनगटावरचा भाजल्याचा डाग त्याच दिवसांतला. यजमानांनी एकच सीट शिवली, लाल रेक्झिनची, तीन वेळा उसवून. शेजारी दुसरी सीट का नाही, असे मी विचारले तेव्हा म्हणाले, "असती तर तू मला बसवलं असतंस."

इंजिन पहिल्यांदा पेटले तेव्हा शेडचा पत्रा थरथरला आणि समोरच्या घरातल्या बाई खिडकीत येऊन ओरडल्या, "कोण गेलं?" सवयच होती त्यांना. मी ओरडून सांगितले, "कोणी नाही, आलंय!" सूतमास्तरांनी एक डोळा मिटून बराच वेळ आवाज ऐकला आणि म्हणाले, "बरोबर आहे." चार वर्षांत पहिल्यांदा.

म्हणून हत्यारे त्यांची. त्यांना साक्षीदार व्हायचे होते. पण ज्याला काही मिळणार त्याने साक्ष देऊ नये, असे वकील म्हणाले. सध्या ते माझ्याशी बोलत नाहीत.

कलम ५. माझा थोरला भाऊ, दादा, यास खालील वस्तू मिळाव्यात: वडिलांच्या मोटारीची पुढची जाळी, दोन्ही पुढचे मडगार्ड, बॉनेट, मूळ स्टीअरिंग आणि मागची सीट. यातले काहीही मी भंगारात दिले नाही. सर्व तेल लावून, जुन्या चादरीत गुंडाळून शेडच्या माळ्यावर ठेवले आहे. वहिनींनी ते अडगळीत टाकू नये, ही विनंती.

आता दादाबद्दल. तो जुन्या मोटारींच्या मंडळाचा अध्यक्ष आहे. मी गाडी कापल्याचे त्याला कळले तेव्हा तो शेडच्या उंबऱ्यावर येऊन थयथयाट करू लागला. "बाबांची आठवण होती ती! तू तिचं माकड केलंस!"

मी म्हटले, "वीस वर्षं आठवण तुझ्या परसात गंजत होती, तेव्हा कुठे होतास?"

आठवड्याने नोटीस आली. मोटारीचे कागद अजून वडिलांच्या नावावर, सबब ती सामाईक मालमत्ता, सबब आहे त्या स्थितीत परत करावी. वकील म्हणाले, भांडता येईल, पण वर्षे जातील. माझे वय तेव्हा चौसष्ट. माझ्यापाशी वर्षे नव्हती, मोटार होती. मी नोटीस घेऊन दादाकडे गेले. तो त्याची दोन सीटांची गाडी पुसत होता, आरशासारखी लखलखीत, गेली चार वर्षे शर्यतीत पहिली येणारी. मी म्हटले, "कोर्टात नको. धावपट्टीवर ये. तीन फेऱ्या. दोन जिंकलास तर मोटार तुझी."

"आणि तू जिंकलीस तर?"

"नोटीस मागे घे आणि कागद माझ्या नावावर करून दे."

तो इतका हसला की त्याच्या हातातले फडके खाली पडले. "कर तयारी," म्हणाला.

पहिल्या फेरीत मी हरले. झेंडा पडला, मी पाय दाबला, गाडीचे नाक आभाळाकडे उठले, समोरचा रस्ता नाहीसा झाला, आणि माझा पाय आपोआप वर आला. भीतीने नाही. सत्तावीस वर्षे त्या पायाने एकच गोष्ट केली होती, मागे झोपलेल्याला धक्का न लावणे. दादा दोन गाड्यांच्या अंतराने पुढे गेला.

परत आले तेव्हा सूतमास्तर कार्ब्युरेटर उघडायला निघाले होते. यजमानांनी त्यांना हाताने थांबवले. मोटार कशी चालवावी याबद्दल हा माणूस जन्मात कधी बोलला नव्हता. ते खिडकीपाशी वाकले आणि हळूच म्हणाले, "अगं, आज मागे कोणी नाहीये. दाब."

दुसऱ्या फेरीत मी दाबला. नाक उठले, रस्ता गेला, मी पाय काढला नाही. नाक खाली आले तेव्हा दादाची गाडी आरशात होती. तिसऱ्या फेरीआधी दादाने माझ्याकडे पाहिले नाही. झेंडा धरणाऱ्या बाईंनी आम्हा दोघांकडे बोट केले, हात वर नेला आणि खाली आणला. त्यानंतरचे मला फक्त आवाजात आठवते. अर्ध्या वाटेपर्यंत तो माझ्या दाराशी होता. मी तिसरा गिअर टाकला, बंबाच्या त्या इंजिनाने आत कुठेतरी दीर्घ श्वास घेतल्यासारखे केले, आणि दार मोकळे झाले. तेरा सेकंद आणि एक दशांश. लोक कठडा ओलांडून धावत आले. मी हेल्मेटमध्ये मोठमोठ्याने ओरडत होते, असे सांगतात. काय ते कोणी सांगत नाही, म्हणजे चांगले नसणार.

दादा चालत आला. पांढऱ्या पडलेल्या चेहऱ्याने गाडीभोवती एक फेरी मारली. मग खिशातून नोटीस काढून माझ्यापुढे धरली. "तूच फाड."

मी फाडली. तो म्हणाला, "बाबांनी बघायला हवं होतं."

"बाबांनी बघितलं असतं तर पुन्हा चावी काढून घेतली असती."

तो हसला, आणि हसता हसता त्याच्या डोळ्यांत पाणी आले. आठवडाभरात कागद माझ्या नावावर झाले. माझा राग तिथेच संपला, असे मी या कलमाद्वारे जाहीर करते. फक्त "माकड" हा शब्द मी विसरलेली नाही.

कलम ६. माझे हेल्मेट झेंडा धरणाऱ्या बाईंच्या क्लबला द्यावे. ते क्लबला आहे, बाईंना नाही, त्यामुळे त्यांची साक्ष चालते, असे वकील म्हणाले. आत नवे अस्तर लावून घ्यावे. यजमान लावून देतील, त्यांना मेहनताना विचारून लाजवू नये.

कलम ७. मोटार. हे कलम मी मूळ मसुद्यात "माझ्या पश्चात भाचीस मिळावी" असे लिहिले होते. भाची एकतीस वर्षांची आहे, शाळेत गणित शिकवते. गेली तीन वर्षे रविवारी शेडमध्ये येऊन ती माझ्याबरोबर इंजिन उघडते आणि बंद करते. परवाच्या रविवारी शर्यतीत मी तिला लाल सीटवर बसवले. दादा कठड्यापाशी ओठ आवळून उभा होता, यजमान डोळे मिटून. पोरीने पाय एकदाही उचलला नाही. बारा सेकंद आणि नऊ दशांश.

माझा विक्रम मोडला होता. ती हेल्मेट काढून बिचकत माझ्याकडे आली. "आत्या, रागावलीस का गं?"

मी तिला इतके घट्ट धरले की तिच्या हातातले हेल्मेट पडले. "रागावू कशाला? इंजिन गार झालं की पुन्हा पळव. ती बारा सेकंदांतसुद्धा जाईल!"

सोमवारी सकाळी मी वकिलांकडे गेले. ते म्हणाले, "बाई, मृत्युपत्र माणूस गेल्यावरच लागू होतं."

"मला तर अजून वीस वर्षं जायचं नाहीये. तोवर पोरीने काय करायचं?"

"मग बक्षीसपत्र करा."

ते काल दुपारीच झाले. कागदावर आता तिचे नाव आहे, चावी तिच्याकडे आहे. सबब सदर मोटार या मृत्युपत्रान्वये वाटणीस उपलब्ध नाही. तिच्यावर यापुढे कोणीही हक्क सांगू नये, मीसुद्धा.

वरील मजकूर मी स्वतः लिहिला, वाचला आणि साक्षीदारांना मोठ्याने वाचून दाखवला. दोघीही दोनदा हसल्या. माझ्यासमोर त्यांनी आणि त्यांच्यासमोर मी सही केली.

सही: (मृत्युपत्र करणार, शववाहिकेची निवृत्त चालक)

साक्षीदार पहिल्या: (सही) डॉक्टरीणबाई, ज्यांनी तपासले
साक्षीदार दुसऱ्या: (सही) धावपट्टीवर झेंडा धरणाऱ्या बाई

ठिकाण: आमच्या घरामागची शेड, कामाच्या टेबलावर
दिनांक: १४ ऑक्टोबर, मंगळवार, सकाळी अकरा