कुरणासाठी केलेली सही

बाबा, काल संध्याकाळी दारात पुन्हा एक माणूस सह्यांचा कागद घेऊन उभा राहिला आणि तुमचा प्रश्न आठवला, "वाचलंस का?" जिल्हा परिषदेत कारकुनी करून तुमचा कागदांवर विश्वास उरला नव्हता. कॉलेजात असताना प्राचार्यांविरुद्धच्या निवेदनावर मी मित्रांखातर सही करून आलो. तुम्ही स्वयंपाकघरात भाकरी कुस्करत बसलेले, तेव्हाही तेच विचारलंत आणि मी नाही म्हणालो. आई म्हणाली, "अहो, जेवू तरी द्या त्याला." तुम्ही मान वर न करता म्हणालात, "आधी सही खोडून ये. मग जेव." मी गेलो, चारचौघांत सही खोडली आणि आठवडाभर तुमच्याशी बोललो नाही.

न्युरेम्बर्गजवळच्या या गावात मला जर्मन पासपोर्ट मिळाला, त्याच उन्हाळ्यात विरोधी पक्षाने ब्युर्गरबेगेरेन काढलं. नागरिकांच्या पुरेशा सह्या जमल्या की नगराध्यक्षांच्या निर्णयावर मतदान घ्यावंच लागतं. कागदावर प्रश्न होता, आमच्या घरासमोरचं कुरण हिरवं राहावं का? नाही कोण म्हणेल! तिथे स्वस्त भाड्याची घरं होणार होती, ते मागच्या पानावर, बारीक अक्षरांत. पक्षाचा माणूस आमचा शेजारी. "आता तुम्ही आमचेच," म्हणाला, आणि मी फुलून गेलो. दर शनिवारी बाजारात उभा राहून येणाऱ्याजाणाऱ्यापुढे पेन धरत होतो. मतदान जिंकलं, नगराध्यक्षांची पत गेली, पुढच्या निवडणुकीत ते पडले आणि शेजाऱ्याचा पक्ष खुर्चीवर बसला. अशा मतदानाच्या निकालाला नगरपरिषद एकच वर्ष बांधील असते. वर्ष सरलं आणि यांनी त्याच कुरणावर पार्किंग मंजूर केलं. जाब विचारला तर शेजारी म्हणाला, "गेनाऊ, अगदी बरोबर, वर्ष झालं ना आता," आणि कुंपणाची झुडपं कापत राहिला. कुरणाशी त्यांना काही देणंघेणं नव्हतंच. आम्ही फुकटचे हमाल.

माझ्या हाताखाली मिरजेचा एक इंजिनिअर आहे. तेव्हा त्याच्या बायकोला सातवा महिना होता, दोघं एका खोलीत राहत होते. त्या घरांच्या यादीत त्यांचं नाव लागलं होतं. शेवटी तासभर लांबच्या गावात खोल्या मिळाल्या. जाण्याआधी ती आमचा कुकर परत द्यायला आली. चहा नको म्हणाली. दारातच म्हणाली, "काका, आमच्याकडे इथला पासपोर्ट नाही, आम्हाला सही करताच येत नव्हती. तुम्हाला येत होती." ती चिडली असती तर बरं झालं असतं.

कालचा माणूस पडलेल्या नगराध्यक्षांच्या पक्षाचा. आता ते विरोधात, म्हणून त्यांना कुरणाचा पुळका. मी दार लावून घेतलं. बायको म्हणाली, "एकदा फसलात ना, बरं केलंत." सगळ्यांना मी हेच सांगत आलोय, की मागचं पान न वाचता सही केली, फसलो. हे पत्र कुठे जायचं नाही, म्हणून इथे लिहितो. बाबा, मी वाचलं होतं. मागचं पानही. इमारत चार मजली होणार होती आणि आमच्या बाल्कनीतलं ऊन जाणार होतं.